शालूताईंना काय हवं होतं

बडनेऱ्याच्या फलाटावर मी अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभी होते. हातात पिशवी, पिशवीत आमच्या घरातल्या जुन्या सुती साड्यांचे धुऊन घड्या घातलेले तुकडे. शालूताईंच्या उशाशी असे मऊ कपडे सतत लागायचे, लाळ टिपायला, मानेखाली सरकवायला. गाडी उशिरा येणार असल्याचं सांगणं चालू होतं, तेवढ्यात अर्चनाचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा फोन आला. "मामी, निघाली का तू?" म्हटलं, बडनेऱ्याला उभी आहे. ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "सावकाश ये मग. आई गेली."

मी तशीच उभी राहिले असणार. शेजारच्या एका अनोळखी बाईनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, कोपराला धरून मला बाकावर बसवलं आणि विचारलं, "कोन गेलं?" "नणंद." "सख्खी?" मी मान हलवली. गाडी येईपर्यंत ती माझी पिशवी मांडीवर घेऊन नुसती बाजूला बसून राहिली. तिची गाडी दुसरीकडे जाणारी होती हे ती मला डब्यात चढवून खाली उतरली तेव्हा कळलं...

शालूताई माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. तेल्हाऱ्याजवळच्या गावात जन्मल्या, लग्नाआधी तेल्हाऱ्यातच शाळेत शिकवलं, आणि लग्नानंतर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडच्या एका गल्लीत उभं आयुष्य काढलं. त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, कोर्टात वकील. त्यांच्या बैठकीत अशिलं आणि शालूताईंच्या स्वयंपाकघरात तेल्हाऱ्याहून आलेले पेशंटांचे नातेवाईक, असं ते घर कायम भरलेलं. कुणाची सून बाळंतपणाला दवाखान्यात, कुणाच्या पोराचा हात मशीनमध्ये गेलेला, कुणाचा बाप छातीत दुखतं म्हणून आणलेला. गावाकडचा माणूस अकोल्याच्या बसमधून उतरला की "बाईंच्या घरी" हा पत्ता पुरायचा.

त्यांची मदत मात्र गोड नव्हती. माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा अमरावतीला माझं पोटाचं ऑपरेशन झालं. माहेर लांब, सासूबाई थकलेल्या. शालूताई कुणी न बोलावता पहिल्या गाडीनं आल्या, दारातूनच पदर खोचला आणि मला रडताना बघून म्हणाल्या, "काय झालं वं? मेली का कोनी? रडाचं मंग. आधी च्या पे." मला राग आला होता. पण त्या आठ-दहा दिवसांत माझं अंग पुसण्यापासून वेणी घालण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं, आणि एकदाही "बरं वाटते का?" असं विचारलं नाही. पुढं कधीतरी मी हसत हसत त्यांना म्हटलं, ताई, तुम्ही निदान विचारत तरी जा, काय पाहिजे म्हणून. तर म्हणाल्या, "इचारलं की मानूस नाई मनते. लाजते. थ्याच्यापेक्षा करून टाकाचं."

हा स्वभाव कुठून आला, याबद्दल घरात अनेक मतं होती. सासूबाई म्हणायच्या, देवानंच तशी घडवली. भाऊजी चेष्टेनं म्हणायचे, हिला घरात बसायचा कंटाळा आहे, लोकांच्या दुखण्याचं निमित्त लागतं. भाऊजी अबोल, पुस्तकात डोकं घालून बसणारे. त्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य असावं, असं मला वाटतं. एकदा उन्हाळ्यात कुरडया घालताना गच्चीवर मी आणि शालूताई दोघीच होतो तेव्हा मी सरळ विचारलं. त्या चीक ढवळत होत्या. हात थांबले नाहीत, पण सांगितलं.

त्या चौथीत असताना आई-वडिलांबरोबर तेल्हाऱ्याच्या बाजाराला गेल्या होत्या. आमचे हे तेव्हा आईच्या कडेवर. भर बाजारात वडील एकाएकी खाली बसले आणि आडवे झाले. माणसं जमली. "गोल करून उभी होती सारी," शालूताई सांगत होत्या. "मी एकेकाच्या तोंडाकडे पाहून राहिली होती. थ्यात वाईट कोनीच नव्हतं वं सुमन. साऱ्यायच्या तोंडावर कसंनुसं झालं होतं. पन पयले कोन वाकते, याची वाट पाहून राहिले होते." मग एक केळीवाला आपली टोपली तशीच सोडून आला आणि वडिलांच्या डोक्याखाली त्यानं हात घातला. "तो वाकला अन् मंग दहा वाकले. कोनी पानी आनलं, कोनी बंडी आनली, कोनी मायले धरलं. तेच लोक, बरं. घडीभरापयले उभे होते तेच."

वडील मात्र बैलबंडीतच गेले. डॉक्टरांपर्यंत पोचलेच नाहीत.

मी म्हटलं, "मग उपयोग काय झाला, ताई?" त्यांनी वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "मायच्या पाठीवर कोनाचा तरी हात होता थ्या वक्ती. थो नसता तं माय बी तिथंच राह्यली असती." आणि थोड्या वेळानं, चीक सोऱ्यात भरता भरता, "मले तवापासून गोल करून उभं राहताच येत नाई. जीव घाबरते."

ज्याला आपण परोपकार म्हणत होतो त्याच्या मुळाशी एका लहान मुलीची घाबरगुंडी होती.

या सगळ्याची दुसरी बाजू अर्चनाची. ती त्यांची एकुलती एक. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती नाचायची तेव्हा पहिल्या रांगेतली आईची खुर्ची रिकामी असायची, कारण त्याच संध्याकाळी कुणाला तरी रक्त लागायचं. तिला ताप आला तर भाऊजी थर्मामीटर घेऊन बसायचे, आणि शालूताई दुसऱ्याच कुणाच्या तापाशी. मोठी होऊन ती अमरावतीला नोकरीला लागली, तिथंच संसार थाटला. तिच्या इमारतीत कुणाकडे काही झालं तर ती दार उघडत नसे. एकदा मी हळूच बोलले, तर शांतपणे म्हणाली, "मामी, आमच्या खानदानाचा मदतीचा कोटा आईनं संपवला. माझ्या वाट्याला काहीच उरलं नाही." हसली, पण डोळे हसत नव्हते. मायलेकींचं बोलणं व्हायचं, सणावाराला जाणं-येणं व्हायचं, फक्त त्यात काहीतरी कोरडं होतं आणि ते आमच्यापैकी कुणालाच ओलं करता आलं नाही.

गल्लीत एकच घर असं होतं जिथं शालूताईंचा हात कधी पोचला नाही. भिंतीला भिंत लागून असलेलं कमलबाईंचं. दोघींचं नालीवरून भांडण. तुमच्या मोरीचं पाणी आमच्या दारात तुंबते, हे कमलबाईंचं म्हणणं, आणि तुमचाच कचरा आडवा येते, हे शालूताईंचं. वर्षानुवर्षं बोलणं बंद. कमलबाईंचे यजमान गेले तेव्हा शालूताईंनी रीत म्हणून भाकरी-पिठलं पाठवलं, तर ते झाकलेलं ताट तसंच परत आलं. "मले तुह्या घरचं नको," असा निरोप. शालूताई त्या दिवशी जेवल्या नव्हत्या. भाऊजी त्यानंतर काही वर्षांनी गेले, तेव्हाही कमलबाई आल्या नाहीत.

दुखणं हातांपासून सुरू झालं. भाकर थापता थापता चिरायला लागली. मग तवा सुटला, मग पेन. अकोल्याचे, नागपूरचे डॉक्टर झाले. आजाराला नाव मिळालं आणि त्याच दमात हेही कळलं की त्याला औषध नाही. अंगातले स्नायू एकेक करून विझत जातील, हात, पाय, जीभ, गिळणं, शेवटी श्वास. बुद्धी मात्र लख्ख राहील. डॉक्टर हे सांगत असताना शालूताई समोरच बसल्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "बाप्पा, म्हंजे मले सारं दिसत राह्यन."

पहिले काही महिने घरात पाय ठेवायला जागा नसायची. गल्ली लोटली, तेल्हारा लोटलं. डब्यांवर डबे. कुणी अंगारा आणला, कुणी वैद्याचा काढा, कुणी गाडी घेऊन दारात उभं, बाईंना कुठं न्यायचं तेवढं सांगा. शालूताई सगळ्यांना चहा द्यायला लावत आणि सगळ्यांवर डाफरत. मला वाटलं होतं, एवढ्या माणसांच्या हातांवर हे दुखणं सहज तोललं जाईल.

पण दुखणं लांबलं... ते बरं होत नव्हतं आणि संपतही नव्हतं. आज आणलेल्या डब्यानं उद्या काही फरक पडत नव्हता. माणसं आठवड्यानं यायला लागली, मग महिन्यानं, मग फोनवर. यात मला कुणाचा कृतघ्नपणा दिसला नाही, तसं कुणी समजू नये. शालूताईंनी स्वतःच्या घरी ठेवून शिकवलेला त्यांचा एक विद्यार्थी आता चांगल्या नोकरीत आहे. तो एकदा आला, दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. खुर्चीत एका बाजूला कललेल्या बाईंना बघून त्याचा चेहरा असा झाला की मीच त्याला बाहेर नेलं. पुढं तो मला फोन करायचा. "काकू, मले सांगा काय पाठवू? काय बी सांगा. पन यायले नका सांगू. बाईंले तसं नाई पाहवत मले." ज्यांना त्यांनी उचललं होतं त्यांनाच त्यांचं पडणं सर्वांत जड जात होतं. आणि मला असंही वाटतं की मदत करणाऱ्याला आपली मदत लागू पडताना बघायची असते. ती लागू पडत नाही असं दिसलं की चांगल्या माणसांचेही पाय जड होतात.

कमलबाई आल्या त्या भांडायलाच. मी तेव्हा अमरावतीहून अधूनमधून येऊन राहायची, त्या दुपारी तिथंच होते. शालूताईंची जीभ जड झाली होती, पण शब्द अजून कळायचे. कमलबाई दारातूनच ओरडत आत आल्या, "तुह्यी नाली पुन्हा तुंबली! पानी माह्या वट्ट्यावर चढून राह्यलं!" आणि थबकल्या. त्याच वेळी शालूताईंना ठसका लागला होता. मी कपडा शोधत होते, मला सापडत नव्हता. कमलबाई पुढं झाल्या, एका हातानं त्यांचं कपाळ धरून मान पुढं केली, आपल्याच पदरानं तोंड पुसलं. ठसका थांबला.

शालूताई धापा टाकत म्हणाल्या, "काहून... आली वं?"

"नालीचं सांगाले."

"सांगितलं ना?"

"हो."

"मंग जाय."

"जाते," म्हणाल्या आणि खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या. मी एकदा त्यांना विचारलं, तुम्ही कशा काय येता? त्या वैतागल्या. "मले काय मालूम? घरी बसली का भिंतीपल्याडून तिचा ठसका आयकू येते. मंग इथं येऊन आयकलेला बरा." यापेक्षा जास्त कारण त्यांच्याकडे नव्हतं. भांडल्या मात्र शेवटपर्यंत. शालूताईंचा आवाज गेल्यावरही त्या नालीबद्दल एकट्याच भांडायच्या, आणि शालूताई डोळे मोठे करून उत्तर द्यायच्या. त्या खोलीत त्यांच्याकडे बघून ज्याचा चेहरा पडत नसे असं तेवढं एकच माणूस होतं.

आवाज पूर्ण गेल्यावर अर्चना रजा टाकून आली. कुणी बोलावलं नव्हतं. बॅग ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "कुशीवर कधी केलं होतं हिला?" मला ती शालूताईंचीच दारातली एंट्री वाटली. तिनं सगळं केलं. नळीतून जेवण भरवणं, पाठ शेकणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. गोड बोलणं तिलाही येत नव्हतं. एकदा मात्र मी दारातून ऐकलं, केस विंचरताना ती आईला म्हणत होती, "आता बरी सापडलीस. आता कुठं जाशील?" शालूताईंचे डोळे मिटलेले होते आणि कडांमधून पाणी वाहत होतं. ते सुखाचं होतं की दुःखाचं, ते विचारायला मी आत गेले नाही.

बोलायचं एकच साधन उरलं होतं, डोळे. अर्चना बाराखडी म्हणायची, हवं ते अक्षर आलं की शालूताई पापणी मिटायच्या. नाही म्हणायचं असेल तर नजर भिंतीकडे. वेळ लागायचा, पण एखादा शब्द जुळायचा.

शेवटच्या आठवड्यातली ती दुपार. मी आणि आमचे हे अमरावतीहून आलो होतो, कमलबाई खाली बसल्या होत्या, अर्चना उशाशी. शालूताई एकाएकी अस्वस्थ झाल्या. डोळे आमच्यावरून फिरायला लागले, एकाकडून दुसऱ्याकडे, पुन्हा पहिल्याकडे. काहीतरी हवं होतं. अर्चनानं बाराखडी सुरू केली. 'प'वर पापणी मिटली. 'पा'वर पुन्हा. मग पुढचं अक्षर घेईपर्यंत त्यांचा दम संपला, पापणी थरथरायला लागली आणि ती मिटली की नुसती हलली, हेच कळेना.

"पाणी?" नजर भिंतीकडे. "पाय दुखतात?" भिंतीकडे. पाठ, पांघरूण, पायाखालची उशी. कमलबाई म्हणाल्या, "पान? तुले पान खावं वाटते?" भिंतीकडे. यांनी बहिणीचा हात धरला आणि म्हणाले, "पाहाचं हाये काई? कोनाले पाहाचं हाये?" भिंतीकडे. आम्ही पंखा लावला, बंद केला, खिडकी उघडली, कूस बदलली, पुन्हा पहिल्यासारखी केली. अर्चनानं पुन्हा बाराखडी धरली. "आई, एकदा. फक्त एक अक्षर दे. आई!" आम्ही चौघं त्यांच्यावर ओणवे झालो होतो. आमच्यापैकी कुणीही त्या क्षणी शालूताई जे मागतील ते दिलं असतं. पंचक्रोशीत जिनं कुणाला 'काय पाहिजे' म्हणून कधी विचारलं नाही, तिला चार माणसं जीव तोडून तेवढंच विचारत होती, आणि आमच्या हाती काही लागत नव्हतं.

बराच वेळ गेला. मग शालूताईंनी आमच्याकडे एकदा नीट बघितलं. रागानं नाही. दमलेल्या बाईनं 'राहू द्या' म्हणावं तसं. आणि डोळे मिटले. अर्चना पलंगाच्या कठड्यावर डोकं टेकून बसली. यांनी बाहेर जाऊन ओट्यावर तोंड धुतलं. पुन्हा पुन्हा तोंड धूत राहिले.

पुढच्या दिवसांत अर्चनानं दोन-तीनदा विचारून बघितलं, त्या दिवशी काय हवं होतं? शालूताईंनी नजर भिंतीकडे नेली. नको, किंवा आता नको, किंवा सुचत नाही. आम्ही प्रत्येकानं त्याचा आपापला अर्थ लावला. मग त्या गेल्या.

मागच्या आठवड्यात मी अकोल्याला जाऊन आले. अर्चनानं रजा वाढवली आहे, घराचं काय करायचं ते ठरत नाही. भाड्यानं आणलेला पलंग परत गेलाय, त्या जागी फरशीवर चार पायांचे डाग तेवढे आहेत. अर्चना विळीवर मेथी निवडून चिरत बसली होती, मी लसूण सोलत होते. कमलबाई नेहमीच्या वेळी आल्या, भिंतीला टेकून बसल्या.

बऱ्याच वेळानं कमलबाई म्हणाल्या, "पाट तं नसंन वं? खाली पाटावर बसावं वाटत असंन तिले. लय दिवस झाले होते पलंगावर."

अर्चनाचा हात थांबला. ती खरंच आठवायला लागली. समोरच्या भिंतीकडे बघत, ओठांतल्या ओठांत पुटपुटत तिनं ती सगळी दुपार पुन्हा एकदा चाळली.

"पाट नव्हता विचारला आपण," ती हळूच म्हणाली. "पाट राहून गेला, मावशी."

"मंग थेच असंन."

"असेल."

कमलबाईंनी मान हलवली. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं, ते दिसत होतं. 'पा', 'पा' असं पुटपुटत त्यांचे ओठ हलायला लागले. अर्चनानं विळी बाजूला सारली आणि पुढचा शब्द ऐकायला ती तशीच थांबून राहिली. मीही.